बर्फाचं पाणी आणि ट्राऊट: प्रकल्प नोंदी

२ मार्च

गेल्या वर्षीची वही शोधून काढली. चार दिवसांत मासे शून्य. म्हणजे एक लागला होता पण जाळ्याच्या वीतभर आधी सुटला, दादा तो हिशोबात धरतो, मी धरत नाही. वहीत नुसत्या वेळा लिहिल्यात, पहाटे साडेपाच ते नऊ आणि मग संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत, रोज, इमानेइतबारे, कारण मासे पहाटे आणि तिन्हीसांजेला लागतात हे लहानपणापासून डोक्यात घट्ट बसलंय आणि उन्हाळ्यात तळ्यावर ते खरंही ठरतं. दुपारभर काय केलं तर तंबूत लोळलो. पाण्यात थर्मामीटर एकदाही घातलेला नाही, नदी किती चढली किती उतरली ह्याची एक ओळ नाही.

तर ह्या वर्षीचा प्रकल्प एवढाच की आधी नदी मोजायची, मग गळ टाकायचा. दादाला सांगितलं तर म्हणे, "मासे धरायला येतेयस का जर्नल पूर्ण करायला?" दोन्ही.

७ मार्च

आज नुसतं वाचन आणि थोडं गणित.

ट्राऊटला स्वतःची ऊब नाही, पाणी जेवढं गार तेवढंच त्याचं अंग गार. पाणी १० ते १५ अंशांत असलं की ब्राऊन ट्राऊट मस्त खातो. तेच ४ च्या आसपास उतरलं की त्याचं सगळंच मंदावतं, पचनसुद्धा, मग तो तळाला दगडाआड पडून राहतो आणि अगदी तोंडापुढून काही वाहत गेलं तरच तोंड उघडतो. मला वाटायचं गारठ्यात त्याला ऑक्सिजन कमी पडत असेल. उलटंच आहे. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाच्या पाण्यात ९ च्या जवळपास (हे समुद्रसपाटीचे आकडे, डोंगरात दोन्ही कमी होतात). म्हणजे श्वासाची ददात नाही, अंगात गरमी नाही.

आता ऊन एवढं कडक असताना नदी गारच का राहते? कारण शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. सगळं ऊन वरच खर्ची पडतं. बाह्या वर करून काठावर बसायचं आणि पायाखालचं पाणी २ अंश.

आणि वेळेचं काय, तर रात्री आभाळ निरभ्र असलं की वरचा बर्फ पुन्हा गोठतो, त्यामुळे पहाटे नदी सगळ्यात खाली आणि स्वच्छ असते, पण सगळ्यात गारही तेव्हाच. दुपारनंतर वितळ जोरात होते, ते पाणी बर्फाच्या थरातून झिरपून ओढ्यांना लागतं आणि आमच्या टप्प्यापर्यंत यायला आणखी काही तास जातात, म्हणजे लोंढा येतो संध्याकाळी. थोडक्यात गेल्या वर्षी आम्ही पहाटे गोठलेल्या माशांसमोर उभे होतो आणि संध्याकाळी गढूळ लोंढ्यासमोर! मधल्या वेळात, जेव्हा पात्रातल्या जुन्या कमी पाण्याला ऊन लागून ते तापलेलं असतं आणि नवा लोंढा अजून आलेला नसतो, तेव्हा आम्ही तंबूत.

हे सगळं अजून कागदावरच आहे. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू."

१४ मार्च

थर्मामीटर तपासला. कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून सरबरीत काला केला, ढवळला, पाच मिनिटं नळी आत. शून्य दाखवायला पाहिजे, दाखवतोय ०.७. म्हणजे प्रत्येक वाचनातून ०.७ वजा करायचे. नळीच्या टोकाला दोन मीटर दोरी बांधली कारण हा हातातून सुटून वाहून जाणार हे मला आत्ताच दिसतंय.

पाण्याच्या उंचीसाठी जुना छत्रीचा दांडा घेतला, त्याच्यावर पाच पाच सेंटिमीटरला लाल ऑइलपेंटच्या रेघा मारल्या. काठाजवळ जिथे ओढ कमी आहे तिथे दगडांत रोवायचा. आकडा नदीची खरी खोली सांगणार नाही, फक्त चढ-उतार सांगेल, तेवढंच पाहिजे.

२२ मार्च

रविवार अख्खा फ्लाय (हुकवर पीस-दोरा बांधून केलेले नकली किडे) बांधण्यात गेला, मान आखडली.

फेझंट टेल निंफ (पाण्यातल्या अळीची नक्कल) सहा, १४ नंबरच्या हुकवर. हुकचा नंबर मोठा तितका हुक लहान, हे दादाच्या मित्राला तिसऱ्यांदा समजावलं. ही फ्लाय फ्रँक सॉयर नावाच्या इंग्लंडमधल्या एका नदीच्या राखणदाराची, त्याची खुबी अशी की दोरा वापरलाच नाही, तांब्याच्या बारीक तारेनेच पीस बांधलं, त्यामुळे बांधणीही होते आणि वजनही येतं. मी तार वापरली पण डोक्याशी टंगस्टनचा मणीसुद्धा घातला. फसवेगिरी म्हणा हवं तर, पण ह्या पाण्यात फ्लाय तळाला गेली नाही तर सगळं फुकट.

स्टोनफ्लायच्या अळ्या चार, ८ नंबरवर, काळपट तपकिरी, रबरी पायांच्या. ह्या किड्यांच्या मोठ्या जातींच्या अळ्या दोन-तीन वर्षं पाण्यात काढतात आणि त्यांना थंड, स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. वसंतात ओघ वाढला की दगडांवरून सुटतात आणि वाहत जातात, मासा त्यांना ओळखतो. गढूळ पाण्यासाठी वूली बगर नावाच्या दोन मोठ्या काळ्या केसाळ फ्लाय.

एक स्टोनफ्लाय इतकी बेढब झाली की दादा म्हणाला हे झुरळ आहे. ठेवली तरी.

५ एप्रिल

सामानाची उजळणी. नऊ फुटी ५ वेटचा रॉड, टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोरा) ४एक्स म्हणजे ०.१८ मिमी जाडीचा, गढुळात जरा जाड ३एक्स पण चालेल कारण तेव्हा माशाला दोरा कुठे दिसतोय. सगळ्या हुकांचे काटे पक्कडीने दाबून टाकले, सोडायला सोपं जातं. वेडर्सना (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारींना) कमरेला पट्टा लागतोच लागतो, पडलो तर आत पाणी भरायला वेळ लागतो. दादा पट्टा ढिला बांधतो, त्यावरून आजही वाजलं. चालायची काठी, पोलरॉइड चष्मा, सनस्क्रीन (ताजा बर्फ ८० टक्क्यांवर ऊन परत फेकतो, गेल्या वर्षी माझी हनुवटी खालून भाजली होती, खालून!). परवान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

१८ एप्रिल

जायचं कधी? दादाला मेच्या मध्यावर सुट्टी सोयीची. मी नाही म्हटलं. हिवाळ्यातला बर्फ ऊन पडल्या पडल्या पाणी सोडत नाही, आधी अख्खा थर वरपासून खालपर्यंत शून्य अंशाला यावा लागतो, मग तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, आणि धरवेनासं झालं की सोडतो. शिवाय जुना ओला बर्फ मळकट होतो, ऊन जास्त खातो, म्हणून एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. मेच्या मध्याला नदी पूर्ण भरात असेल, काठावर उभं राहून बघण्यासारखी, उतरण्यासारखी नाही. एप्रिलअखेर ठरवलं. दादाने सुट्टी हलवली, उपकार केल्यासारखं तोंड करून.

२६ एप्रिल

पोचलो. तंबू मागच्या वेळच्याच जागी पण पाण्यापासून बराच वर, कारण गेल्या वर्षीची ओल्या काटक्यांची रेघ कुठवर होती ते आठवतंय. दांडा रोवला. थकलोय, बाकी उद्या.

२७ एप्रिल

पहिला पूर्ण दिवस, आकडे (०.७ वजा करून):

६:१० – १.४ अंश, २१ सेंमी
९:०० – १.९ अंश, २० सेंमी
११:३० – ३.९ अंश, २० सेंमी
१:३० – ५.६ अंश, २२ सेंमी
३:३० – ५.८ अंश, २८ सेंमी
५:३० – ४.३ अंश, ३७ सेंमी
७:३० – ३.१ अंश, ४३ सेंमी, पाणी चहाच्या रंगाचं

दादा साडेपाचला उठून गेलाच. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ जमत होता, दर चार फेकींनंतर तोंडाची वाफ देऊन काढायचा. नऊला परत आला, हात खिशात. मी काही बोलले नाही, वही दाखवली फक्त.

दीड वाजता त्याच डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी पसरून संथ होतं, पहिल्या दहा मिनिटांत रेनबो ट्राऊट लागला. २२ सेंमी, लहानच, पण लागला. इंडिकेटर (दोऱ्यावरचा तरंगता गोळा) थांबला म्हणजे बुडलासुद्धा नाही, नुसता रेंगाळला, मला वाटलं दगडात अडकलं. गारव्यात घास असाच असतो बहुतेक, झटका नाही, रेंगाळणं. इंडिकेटर खोलीच्या दीडपट अंतरावर बांधला होता. तळाजवळ पाणी वरच्यापेक्षा बरंच सावकाश जातं, त्यामुळे वर बुडबुडे धावत असतात आणि आपला इंडिकेटर त्यांच्या मागे पडत असेल तरच समजायचं फ्लाय खाली पोचलीय. इंडिकेटर बुडबुड्यांच्या बरोबरीने पळत असेल तर ती अधांतरी आहे. हे कळायला मला तास लागला आणि कळल्यावर घास वाढले.

वरच्या अंगाला उथळ खडीत दोन ठिकाणी चादरीएवढे फिकट, घासून काढल्यासारखे पट्टे दिसले. रेनबोची अंडी घालायची जागा, ते वसंतात घालतात. तिथे पाय द्यायचा नाही, आणि तिथल्या माशांवर गळही टाकायचा नाही. दादाने लगेच मान्य केलं, ह्या बाबतीत तो माझ्यापेक्षा कडक आहे.

२८ एप्रिल

आजची नोंद नीट लिहायचीय कारण चूक माझी आहे.

सकाळी १०:४० ला पलीकडे गेलो. दांड्यावर २१, उतारावर म्हणजे नदी ओलांडायच्या उथळ जागी पाणी गुडघ्याच्या खाली. एक काटकी टाकून वेग पाहिला, १० मीटरला ९ सेकंद, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरात सेकंदाला १.१ मीटर, सरासरी त्याच्या ८५ टक्के धरतात. आरामात गेलो, पलीकडचा डोह फार सुंदर, वर कडा, खाली हिरवं पाणी. बारा ते तीन अक्षरशः घड्याळ लावल्यासारखे घास आले. दादाला एक ब्राऊन २८ सेंमीचा. माझे दोन सुटले. तीन वाजता "आणखी अर्धा तास", मग आणखी अर्धा.

४:३० ला उताराशी आलो तर तो उतारच राहिला नव्हता. सकाळी जे गोटे बाहेर होते ते गायब, त्यांच्या जागी पाण्याला गुळगुळीत उंचवटे. काटकी टाकली, १० मीटरला साडेपाच सेकंद. पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्या वेगालाच जवळजवळ पावणेतीनपट, वर खोली दुप्पट म्हणजे पायाचा दुप्पट भाग पाण्यात. पाचपटीच्या वर. हे मी तिथेच काठावर बसून वहीत केलं. केलं आणि तोवर दादा उतरला होता.

चार पावलं गेला. पाचव्याला त्याच्या पायाखालचा गोटा फिरला, तो आवाज मला पाण्यातून ऐकू आला, ठक्क असा, आणि दादा छातीपर्यंत आत. वाहून नाही गेला, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवलेली होती आणि तिच्यावर लोंबकळला. तोंड उघडं, पण ओरडता येईना, नुसते हाक् हाक् श्वास. गार पाण्यात पहिला मिनिटभर हेच होतं, श्वास ताब्यात राहत नाही, तेव्हा डोकं पाण्याबाहेर ठेवायचं आणि मिनिट जाऊ द्यायचं, पुढे हातापायात जेमतेम दहा मिनिटांचं कामाचं बळ उरतं. मी ओरडत राहिले, "दादा, वळू नकोस, तसाच मागे ये, मागे!" तो आडवा सरकत मागे आला. पट्टा आज मी स्वतः आवळला होता, वेडर्समध्ये तांब्याभर पाणी, जास्त नाही.

कोरडे कपडे पाठीवरच्या पिशवीत होते म्हणून निभावलं. मग खालच्या लाकडी पुलापर्यंत चालत, दोन तास वीस मिनिटं, शेवटचा तास टॉर्चवर. वाटेत तो एकदाच बोलला, "तुझ्या वहीत होतं ना हे? साडेपाचला ३७?"

होतं. आदल्याच दिवशी माझ्याच अक्षरात. मी ते माशांची वेळ म्हणून लिहिलं होतं, आपल्या परतीची वेळ म्हणून वाचलंच नव्हतं.

नवीन नियम, वहीच्या पुठ्ठ्यावर: दांडा २५ च्या वर असेल किंवा दोन वाजले असतील तर पलीकडे कुणी राहायचं नाही. मासे असोत नसोत.

२९ एप्रिल

रात्री ढग आले. सकाळी ६:३० ला २.७ अंश आणि दांडा ३४! नदी रात्रीत उतरलीच नाही. ढगांनी वरून पांघरूण घातल्यावर बर्फ गोठणार कुठून, वर दमट वारा आणि रिमझिम. गंमत म्हणजे पाऊस स्वतः फारसा बर्फ वितळवत नाही, १० अंशाच्या १० मिमी पावसात जेमतेम सव्वा मिमी पाण्याएवढी वितळ होते. खरं काम वाऱ्याचं आणि दमट हवेतली वाफ बर्फावर जमते तिचं.

म्हणजे दोन दिवस बसवलेलं वेळापत्रक रद्द. दुपारी दीडला ३.० अंश, गढूळ. दादाचा खांदा दुखतोय, तो तंबूत. मी गळ टाकलाच नाही, नुसती काठाकाठाने थर्मामीटर बुडवत चालले, दर पन्नास पावलांवर एक वाचन. २.९, ३.०, ३.०, २.८, कंटाळा येण्याइतकं तेच ते. आणि मग तंबूपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर, हिरवळीचा एक पट्टा नदीत उतरतो तिथे, ५.१. वाटलं थर्मामीटर बिघडला. पुन्हा घातला, ५.२. हिरवळीत वर गेले, गवत दाबलं की पाणी वर येत होतं, आणि एका दगडाच्या कपारीतून मनगटाएवढी धार, काचेसारखी. ६.८ अंश.

झरा! जमिनीतलं पाणी, त्याला आजच्या उन्हाशी की ढगांशी देणंघेणं नाही, वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं. गेल्या वर्षी आम्ही ह्याच गवतावर बसून बूट काढले होते.

झऱ्याचं पाणी नदीला मिळतं तिथे काठालगत खोलीएवढा स्वच्छ तुकडा, बाहेरच्या गढूळ पाण्याशी त्याची शीव बोटाने दाखवता येईल इतकी ठळक. काठावरच्या दगडांवर स्टोनफ्लायच्या रिकाम्या काती चिकटलेल्या, पाठीवर उभी चीर, पाय अजून दगडाला धरलेले. पोलरॉइडमधून पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. मग एक सावली हलली, मग कळलं ती सावली नव्हे, आणि शेजारी आणखी दोन.

दादाला बोलावून आणलं, खांद्यासकट.

झुरळ लावलं. ते बेढब ८ नंबरचं. गुडघ्यावर बसूनच टाकलं, वर गढुळात, आणि स्वच्छ पाण्यात वाहू दिलं. आज रेंगाळणं वगैरे नाही, सरळ ओढलं. ३६ सेंमीचा ब्राऊन. पाण्यातच धरला. पोट लोण्याच्या रंगाचं, कडेला गेरूसारखे लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं, काळे ठिपके मात्र वाटेल तसे शिंपडलेले. कल्ले सावकाश उघडत मिटत होते. हात ओले होते तरी त्याला जास्त वेळ धरवेना. हुक स्वतःच निसटला, मासा माझ्या तळव्यावर अजून तसाच, बहुतेक सुटलोय हे त्याला कळलं नव्हतं, मग शेपटीची एक थाप आणि गढुळात गडप.

दादाला दोन मिळाले. एकाच हाताने फेकत होता आणि मोठ्याने सगळ्या डोंगराला ऐकवत होता की हे झुरळ त्यानेच ओळखलं होतं. तीन मासे झाल्यावर थांबलो. एवढ्याशा उबेत दाटीने बसलेत बिचारे, त्यांना धरत राहणं म्हणजे दारात उभं राहून थंडीत हाकलणं.

संध्याकाळी सातला झरा ६.८, नदी २.६, दांडा ५१.

३० एप्रिल

पाऊस. आवरलं, निघालो. दांडा काढायला गेले तर तो नव्हता.

४ मे

वेडर्स, बूट, जाळं सगळं घासून, साबणाच्या पाण्यात भिजवून, आता वाळत. पूर्ण सुकल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही पाण्यात न्यायचं नाही, बुटांच्या तळव्यातून डिडिमोसारखं शेवाळ एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं आणि मग ते निघत नाही. वेडर्स उलटे करून डाव्या शिवणीतली गळती शोधली, टाचेच्या वर बोटभर, चिकटवली.

झऱ्याची खूण वहीत काढून ठेवली, नकाशावर कुठेही टाकणार नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा तिथलं तापमान घ्यायचंय, ६.८ च निघतं का बघायला. पुढच्या वेळी दांडे दोन, एक वरच्या अंगाला.

दादाने स्वतःसाठी नवा डिजिटल थर्मामीटर मागवला. बर्फाच्या काल्यात तपासून घे म्हटलं तर म्हणाला, "नवा कोरा आहे, त्याला काय तपासायचं?" ठीके. आज दोघांचे शेजारी शेजारी बादलीत घातले. माझा वजा करून १८.२, त्याचा १९.४. तो म्हणतोय माझा चुकीचा.